चमचा बाजूला ठेवा, कुशीवर वळवा

तापात मुलाला आकडी आली की घरातलं एक माणूस डॉक्टरांना फोन लावतं आणि दुसरं चमचा शोधतं. "दातखीळ बसलीय, जीभ गिळेल!" या चमच्यावर माझा जुना राग आहे.

जीभ गिळताच येत नाही. तिचा सर्वांत मोठा स्नायू, जिनिओग्लॉसस, हनुवटीच्या आतल्या बाजूला जबड्याच्या हाडालाच जोडलेला असतो. जीभ चावली जाऊ शकते, पण ती बहुधा सुरुवातीला, अंग ताठ होतानाच. चमचा येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नंतर चमच्याने हिरडी फाटते, दुधाचा दात तुटतो आणि तो तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

जिभेचा खरा धोका वेगळाच आहे. झटके थांबले की अंगातले स्नायू सैल पडतात, त्यात हा जिनिओग्लॉससही आला. मूल उताणं असेल तर सैल जीभ स्वतःच्या वजनाने मागे सरकून घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, मागून फुगीर. त्यामुळे उताणं ठेवलं की हनुवटी छातीकडे झुकते आणि मुळातच अरुंद असलेली श्वासाची वाट दुमडते. डोक्याखाली जाड उशी दिली तर आणखीच. आता थोडं गणित: हवा नळीतून संथ वाहते असं धरलं, तर विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध 16 पट! त्यात गिळणं बंद, म्हणून लाळ तोंडातच साठलेली. मूल कुशीवर वळवलं की तेच गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने काम करतं. जीभ एका अंगाला कलंडते आणि लाळ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर पडते.

म्हणून वॉर्डातल्या परिचारिका मुलाला कुशीवर वळवतात, कपडे सैल करतात, पलंगाचे कठडे लावून त्यांना मऊ पॅडिंग करतात, लाळ ओढायचं सक्शन आणि ऑक्सिजन हाताशी ठेवतात. हातपाय मात्र दाबून धरत नाहीत, कारण आकुंचन पावणाऱ्या स्नायूंना अडवलं की इजा होते. घरी मूल जमिनीवर घ्या, टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली पातळ घडी ठेवा. आणि घड्याळ बघा, कारण त्या वेळी एक मिनिट दहासारखं वाटतं. झटके 5 मिनिटांवर गेले तर तातडीची मदत हवी. तिथे झटके थांबवणारं मिडाझोलामसारखं औषध लागतं.

नाकाशी उग्र वासाची वस्तू धरणं, बाधा उतरवणं यात वेळ जातो, एवढंच. आकडीमागे दैवी कोप नाही, हे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी सुमारे 2400 वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय.

6 महिने ते 5 वर्षं या वयातल्या 100 पैकी 2 ते 5 मुलांना अशी आकडी येते. बहुतेकांची काही मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजा होत नाही. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण पुढची आकडी टळेलच याची खात्री नाही. पहिलीच आकडी असेल, मान ताठ वाटत असेल किंवा झटके अंगाच्या एकाच बाजूला आले असतील, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. पाणी किंवा औषध तोंडावाटे द्यायचं ते मूल पूर्ण जागं होऊन नीट गिळायला लागल्यावरच.