पिळाची टोपली की वेटोळ्याची?

कॅलिफोर्नियाच्या आदिवासी टोपल्यांचे फोटो पाहिले की सगळ्या सारख्याच वाटतात: गोल, घट्ट, काळ्या-तांबूस नक्षीच्या. पण त्यांत दोन निराळ्या जाती आहेत, आणि नक्षीवरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. काड्या कुठल्या दिशेने जातात ते बघा.

वेटोळ्याच्या टोपलीत काडी चुंबळीसारखी गोल फिरत वर चढते. प्रत्येक फेरा खालच्या फेऱ्याला शिवतात, त्यासाठी हाडाची आरी लागते. उत्तर प्रदेशातले मुंज गवताचे डबे पाहिले असतील, तर त्यांचंच हे भावंड. खरं म्हणजे ही विणाई नव्हे, शिवण.

पिळाच्या टोपलीत काड्या बुडातून निघून थेट काठापर्यंत उभ्या जातात, छत्रीच्या तारांसारख्या. मुळांचे दोन लवचिक धागे जोडीने चालतात: एक काडीच्या पुढून, एक मागून, मग अर्धा पीळ, की पुढची काडी. आरीबिरी काही नाही, बोटं पुरतात. बाहेरून तिरके टाके दिसतात, सुतळीच्या पिळासारखे.

घरचं काम मला जास्त दिसतं ते या पिळाचंच. पीळ विरळ ठेवला की बाळाचा पाळणा, पाठीवरची ओझ्याची टोपली, माशांचा सापळा. घट्ट ठेवला की ओल्या काड्या-मुळं फुगतात आणि टोपली पाणी धरते. मग तीत चक्क स्वयंपाक! ओकच्या बिया दळून, पाण्याने त्यांचा कडवटपणा काढून ते पीठ पाण्यासकट टोपलीत घालायचं. विस्तवात तापवलेले दगड राख धुऊन आत सोडायचे आणि लाकडी उलथन्याने सतत हलवत राहायचं, कारण दगड एका जागी थांबला तर बूड जळतं. थोड्याच वेळात पेज खदखदायला लागते.

पण पीळ म्हणजे साधं, वेटोळं म्हणजे भारी, असं समजू नका. कॅलिफोर्नियातल्या पोमो जमातीचे लोक दोन्ही करतात; त्यांच्या पिसांनी मढवलेल्या प्रसिद्ध टोपल्या वेटोळ्याच्या. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेतल्या क्लॅमथ नदीकाठच्या युरोक आणि करूक जमाती मात्र डोक्यावरच्या समारंभाच्या टोप्यासुद्धा पिळानेच करतात.

या युरोक-करूकांची टोपली कधी हातात आली तर आत डोकावून बघा. चमकदार गवताची पट्टी धाग्याच्या बाहेरच्याच अंगावर ठेवतात, पूर्ण पीळ तिला देतच नाहीत. त्यामुळे बाहेर एवढी नक्षी, आणि आत कोरं.