इंजिन बंद ठेवलं की पेट्रोल वाचतं? हायब्रिडमध्ये नेहमी नाही

पेडल अलगद दाबायचं, इंजिन सुरूच होऊ द्यायचं नाही, की मायलेज वाढतं, असा सल्ला हायब्रिडवाल्यांत, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाड्या चालवणाऱ्यांत, फिरत असतो. तो अर्धवट आहे.

मारुती ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडची (थोडं अंतर नुसत्या मोटरवरही धावणाऱ्या प्रकाराची) बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. प्लग नाही, म्हणजे तिच्यातली वीजही शेवटी पेट्रोलचीच; साठवताना आणि वापरताना थोडी वाया जाते. फुकटची वीज मिळते ती ब्रेक लावताना, तेव्हा मोटरच जनित्र बनते. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मोकळा रस्ता असूनही २५ने रांगत बॅटरी रिकामी केली, तर पुढे इंजिनाला गाडी ओढायची आणि बॅटरीही भरायची, अशी दुहेरी मजुरी करावी लागते. (मागच्यांच्या शिव्या वेगळ्या.)

त्यापेक्षा सिग्नल सुटला की मध्यम जोर द्या, डॅशबोर्डवरचा काटा ‘पॉवर’ पट्ट्यात जाऊ न देता. हवा तो वेग आला की पाय किंचित उचला. इंजिन बहुतेकदा आपोआप बंद होतं. पुढचा सिग्नल लाल दिसताच लांबूनच हलका ब्रेक. ऐनवेळी करकचून दाबलात तर मोटरला झेपेल तेवढीच वीज परत मिळते, उरलेली शक्ती ब्रेक पॅड तापवते. उतारावर ‘एन’ (न्यूट्रल) टाकणं तर शुद्ध नुकसान: वीज परत येणंच थांबतं.

अटल सेतूवर हिशेब बदलतो. ब्रेक लावायची वेळच येत नाही, मग विजेचा परतावा कुठून? ८०चे १०० केले की हवेचा विरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. तिथे ८०च ठेवा.