कॉकाटील : पालन आणि स्वभाव (नागपूर)

कॉकाटील (निम्फिकस हॉलंडिकस) हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मोकळ्या अंतर्भागातला तुरेवाला पक्षी. बाजारात त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. काकाकुवांच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. लांबी शेपटीसह सुमारे ३० ते ३३ सेंमी, वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. नीट सांभाळल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो, तेव्हा मुलांच्या हट्टाखातर आणण्याआधी घरातल्या मोठ्यांनी विचार करावा. मूळ रंग राखाडी, गालावर नारिंगी ठिपका. पिवळसर ल्युटिनो, ठिपकेदार पर्ल, ठिगळांसारखे पट्टे असलेला पाइड हे रंगांचे प्रकार पिंजऱ्यातल्या पैदाशीतून आले. भारतीय पोपट, म्हणजे आपला मिठू, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पाळता येत नाही. विदेशी असलेल्या कॉकाटीलला ती बंदी लागू नाही.

हा थव्यात राहणारा आणि शिकाऱ्यांच्या धाकात जगणारा पक्षी आहे. त्याचे बहुतेक वागणे या दोन गोष्टींवरून उलगडते. माणूस खोलीबाहेर गेला की तो मोठ्याने शीळ घालतो, ती थव्यातल्या सोबत्याला मारलेली हाक असते. दुसऱ्या खोलीतून शिळेनेच उत्तर दिले तर बहुधा तो शांत होतो. दरडावले तर तेही त्याला उत्तरच वाटते आणि ओरडणे वाढते.

मनाची स्थिती तुऱ्यावरून कळते. तुरा ताठ उभा म्हणजे तो दचकला आहे किंवा कुतूहलाने बघतो आहे. किंचित मागे कललेला म्हणजे निवांत. तुरा डोक्याला पार चिकटवून, चोच उघडून फुत्कारत असेल तर हात मागे घ्यावा, नाहीतर चावा ठरलेला. मान खाली घालून डोके पुढे केले तर त्याला खाजवून हवे असते. तेव्हा बोटाने पिसांच्या उलट दिशेने हलकेच कुरवाळावे. झोपेआधी चोचीची बारीक करकर ऐकू येते, ती समाधानाची. नर शिळेवर गाणी शिकतो आणि पंख अंगापासून किंचित सोडवून तोऱ्यात मिरवतो. मादी बहुधा शांत असते.

रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडणे ही कॉकाटीलची खास खोड. वळवाचा कडकडाट, दिवाळीचे फटाके किंवा नुसती पालही त्याला पुरते. अशा वेळी मंद दिवा लावून हळू आवाजात बोलावे. पिंजऱ्याजवळ रात्रभर छोटा दिवा ठेवणे त्याहून बरे.

‘वाळवंटातला पक्षी, त्याला नागपूरचे ऊन काय करणार?’ हा समज जिवावर बेतू शकतो. रानातला कॉकाटील दुपारी झाडाच्या सावलीत बसतो, पाण्याच्या शोधात लांब उडत जातो. पिंजऱ्यातल्याला यातले काहीच करता येत नाही, आणि इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची पहिली खूण. उन्हाळ्यात पिंजरा गॅलरीतून आतल्या खोलीत आणावा, पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे, सकाळी अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. कूलरच्या झोतासमोर मात्र पिंजरा ठेवू नये. ओल्या हवेने दाण्याला बुरशी धरते, आणि कूलरच्या जुन्या, कुबट ताट्यांतली बुरशी पक्ष्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिंजरा रात्री तीन बाजूंनी झाकला की पुरते.

स्वयंपाकघर त्याच्यासाठी धोक्याची जागा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. फोडणीचा ठसका, उदबत्ती, मच्छर कॉइल यांचा धूरही वाईट. खाण्यात नुसती बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया दिल्या तर अ जीवनसत्त्व कमी पडते. मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, मोड आलेले मूग रोज थोडे द्यावेत. कॅल्शियमसाठी समुद्रफेण (कटलफिश या समुद्री जिवाचे पांढरे कवच) टांगावा. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा आणि खारवलेले पदार्थ वर्ज्य.

एकटी मादीही नराशिवाय अंडी घालते. रानात पाऊस पडून दाणापाणी मुबलक झाले की वीण सुरू होते. घरात तसेच मुबलक खाणे, रात्री उशिरापर्यंत दिवे आणि कपाटाखालची अंधारी जागा मिळाली की तिचे शरीर तोच हंगाम समजते. सतत अंडी घालण्याने कॅल्शियम झिजते आणि अंडे अडकून जीव जाऊ शकतो. रात्रीचा छोटा मंद दिवा सोडून बाकी अंधारात रोज १० ते १२ तासांची झोप आणि घरट्यासारख्या जागा बंद करणे हा पहिला उपाय.

कॉकाटील आजार शेवटपर्यंत लपवतो, कारण थव्यात अशक्त दिसणारा आधी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. पिसे फुगवून तळाशी बसणे, श्वासागणिक शेपूट खालीवर होणे, विष्ठेचा रंग बदलणे यांपैकी काहीही दिसले तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी डॉक्टर निवडताना ते पक्ष्यांवर उपचार करतात का, हे पक्षी निरोगी असतानाच विचारून ठेवावे.