किल्लारीचा भूकंप: जमिनीनं काय केलं आणि घरांनी काय केलं

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं उशिरा झोपली होती, आणि झोपेतच जमीन हलली. किल्लारी, मंगरूळ, तळणी, लिंबाळा, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी… तेरणा नदीच्या परिसरातली ५२ गावं पार जमीनदोस्त झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे, अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ९,७४८ आहे. आकडा कुठलाही धरा, गावंच्या गावं गेली.

आता जरा थांबून एक तुलना बघा. या भूकंपाचा मॅग्निट्यूड, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, ६.२ होता (तेव्हा पेपरात ६.४ छापून आला होता, रिश्टर म्हणून). बरोबर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ चा भूकंप झाला, तोही पहाटेच, साडेचारला, लोक तिथंही झोपलेले. ६.२ आणि ६.७ मधला फरक कागदावर छोटा दिसतो पण ऊर्जेत मोजला तर नॉर्थरिजचा भूकंप पाचपटीहून मोठा होता, कारण मॅग्निट्यूडचा एक आकडा वाढला की ऊर्जा ३२ पट वाढते. आणि नॉर्थरिजला माणसं किती गेली? साधारण ६०. एवढ्या दाट वस्तीच्या शहरात ६०, आणि आपल्या ज्वारी-तुरीच्या गावांमध्ये हजारो. हा फरक जमिनीच्या पोटातून आलेला नाही. तो भिंतीतून आणि छतातून आलाय, आणि मला या लेखात मुख्य तेच सांगायचंय. पण आधी जमीन.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं की दख्खनचं पठार म्हणजे कठीण, जुनं, स्थिर. भूकंप हिमालयात होतात, जपानला होतात, आपल्याकडे कोयना सोडली तर काय होत नाही. १९६७ ला कोयनेला ६ च्या वरचा भूकंप झाला तेव्हा त्याचं कारण धरणाच्या पाण्यात सापडलं, म्हणून बाकीच्या महाराष्ट्राला आपलं काही नाही असंच वाटत राहिलं. देशाच्या तेव्हाच्या भूकंप नकाशात किल्लारीचा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा.

स्थिर आहे हे खरंच, पण स्थिर म्हणजे निवांत नव्हे. भारताची प्लेट, म्हणजे देश ज्या प्रचंड खडकाच्या तुकड्यावर बसलाय तो, वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडं सरकतेय, आणि समोर आशियाची प्लेट आडवी आहे. या टकरीतून हिमालय उभा राहिला आणि अजून उचलला जातोय. दक्षिणेकडून हिंदी महासागराच्या तळाशी नवं कवच तयार होतंय, तिकडून रेटा आहे, उत्तरेकडं अडथळा आहे, त्यामुळं मधली सगळी प्लेट दाबाखाली आहे, अगदी तुमच्या-माझ्या गावाखालची सुद्धा. बहुतेक ठिकाणी खडक हा दाब पेलून नेतो. पण या खडकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुन्या भेगा आहेत, फॉल्ट म्हणतात ते, आणि त्या कमजोर जागा आहेत. दाब हळूहळू साठत राहतो, इतका हळू की माणसाच्या काय, राज्यांच्या इतिहासातही त्याची नोंद सापडू नये, आणि मग एक दिवस भेगेच्या दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांवरून सरकतो.

किल्लारीत तसंच झालं. वायव्य-आग्नेय दिशेचा एक तिरका फॉल्ट होता, त्याची नैऋत्येकडची बाजू वर चढली. दाबानं होणाऱ्या या प्रकाराला रिव्हर्स फॉल्ट म्हणतात. आणि हे सगळं फार खोल नव्हतं, वरच्या साधारण १० किलोमीटरच्या आत. एवढ्या उथळ भूकंपात लाटांची ताकद वाटेत संपत नाही, थेट पायाखाली येऊन आदळते. किल्लारीजवळच्या शेतात तर जमीन फाटून हातभर वर उचललेली दिसली, आणि प्लेटच्या आतल्या अशा स्थिर भागात फॉल्टची हालचाल थेट पृष्ठभागावर दिसणं जगात फार कमी वेळा घडलंय, म्हणून देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ ती भेग बघायला आले.

मग हा फॉल्ट आधी कुणाला दिसला कसा नाही? कारण वर बेसॉल्टचं पांघरूण आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरून दख्खनचा काळा दगड तयार झाला, त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे आणि त्या जुन्या खडकातल्या भेगा आपल्याला वरून दिसतच नाहीत. भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर मारला. त्यात वरचा ३३८ मीटर नुसता बेसॉल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली तो जुना खडक. म्हणजे ज्या खडकाचा हा सगळा इतिहास आहे तो एक तृतीयांश किलोमीटर झाकणाखाली बंद होता. विहिरी खणणाऱ्या माणसाला तर सोडाच, भूशास्त्राचे नकाशे करणाऱ्यालाही वरून चालत जाऊन तो कळला नसता.

तेरणेवरच्या माकणीच्या धरणावर पण संशय घेतला गेला, कोयनेसारखंच झालं असेल असं काहींनी मांडलं. पण तो जलाशय कोयनेच्या मानानं उथळ आणि लहान आहे, त्यामुळं बऱ्याच शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि त्यावर वाद झाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किल्लारीत लहान लहान धक्के बसत होते, शंभराहून जास्त. १८ ऑक्टोबर १९९२ चा त्यातला मोठा, मॅग्निट्यूड चारच्या आसपासचा. लोक घाबरून बाहेर झोपायला लागले. मग धक्के कमी झाले, थंडी आली, लोक आत गेले. आज मागं वळून बघितलं की वाटतं इशारा तर मिळाला होता. पण इथं प्रामाणिक राहायला पाहिजे, कारण छोट्या धक्क्यांची अशी मालिका जगात शेकडो ठिकाणी होते आणि बहुतेक वेळा तशीच विरून जाते. पालघर-डहाणूकडं नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांचं सत्र सुरू झालं, चारच्या वरचेही बसले, पण किल्लारीसारखा मोठा आला नाही. कुठली मालिका विरणार आणि कुठली मोठ्यात संपणार हे आधी सांगायचं शास्त्र आजही कुणाकडं नाही, आणि व्हॉट्सॲपवर तारीख-वेळ टाकून भूकंप सांगणारे मेसेज येतात ते सरळ खोटे असतात.

आता घरं. मराठवाडा-सोलापूरकडच्या माणसाला माळवद सांगायला नको. दगड आणि मातीच्या जाड भिंती, दोन फूट, कुठं चार फूट. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार, चोराचं भय नाही, वर मिरच्या-पापड वाळवता येतात. पावसाळ्याआधी छत गळू नये म्हणून नवी माती टाकायची, जुनी काढायचं कुणी बघत नाही, असं वर्षानुवर्षं चाललं की थर वाढत वाढत दीड-दोन फुटांवर जातो. हिशोब करून बघा: दहा बाय दहाची खोली, वर दीड फूट माती, तर नुसत्या त्या मातीचंच वजन साडेसहा-सात टन होतं. एक भरलेला ट्रक माणसांच्या डोक्यावर उभा आहे आणि खाली घर झोपलंय.

भूकंपात जमीन आडवी हलते, आणि वस्तू जितकी जड तितका तिच्यावर जोर जास्त येतो. म्हणजे जाड भिंत आणि जड छत, जे आपल्याला मजबूत वाटतं, तेच भूकंपात सगळ्यात जास्त जोर ओढून घेतं. बरं एवढा जोर पेलायला भिंत एकसंध पाहिजे ना, ती तर नव्हतीच. बाहेरून बघितलं तर दोन-अडीच फुटाची एक भिंत दिसते, खरं तर त्या दोन भिंती असतात, एक बाहेरच्या दगडांची आणि एक आतल्या दगडांची, आणि मध्ये लहान दगड, चिपा, माती भरलेली. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार जाणारा लांब दगड बऱ्याच ठिकाणी घातलेलाच नव्हता. धक्का बसला की आतला पदर खोलीत आणि बाहेरचा पदर गल्लीत, मधली माती खाली, आणि भिंतीवर टेकलेलं छत सरळ अंगावर. काही घरांमध्ये छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला, आणि माणसं वाचली. आणि गावाच्या कडेची कुडाची, गवताची झोपडी, जिच्याकडं गरिबी म्हणून बघायचे, ती हलली पण तिनं कुणाला मारलं नाही.

बचावकार्याबद्दल बोलताना हे सगळं डोक्यात ठेवायला लागतं. आपण टीव्हीवर तुर्कस्तानचं वगैरे बघतो, काँक्रीटच्या इमारतीखालून चार-पाच दिवसांनी माणूस जिवंत निघतो. काँक्रीटचे स्लॅब पडताना एकमेकांना टेकतात, मध्ये पोकळ्या राहतात, त्यात हवा असते. दगड-मातीचं घर पडलं की पोकळी राहतच नाही. माती प्रत्येक फटीत शिरते, नाकातोंडात जाते, आणि माणूस दबून मरायच्या आधी गुदमरून जातो. हातात असलेला वेळ दिवसांत नाही, तासाभरात, कधी मिनिटांत मोजायचा. आणि त्या पहिल्या तासात तिथं कोण होतं? अंधारात, लाईट गेलेली, स्वतः जखमी असलेले शेजारी. जे हजारो लोक बाहेर निघाले त्यातले बहुतेक यांनीच काढले, हातांनी, टिकाव-खोऱ्यानं, आवाज येईल तिकडं उकरत.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तिकडं पोचले, लष्कर आलं, राज्य राखीव पोलीस दल आलं, जखमींना लातूर, उमरगा, सोलापूरच्या दवाखान्यांत हलवलं. सैनिकांनी केलेलं काम लोक अजून विसरलेले नाहीत. पण त्यातलं बरंचसं काम मृतदेह काढायचं होतं. वरून पाऊस सुरू झाला, मातीचा चिखल झाला, गल्ल्या इतक्या अरुंद की मशीन आत जाईना, आणि बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते भरले ते वेगळंच. सरणाला लाकूड पुरेना म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया आणि दारं वापरली. मंगरूळला मात्र साधारण पाच दिवसांनी लष्कराच्या एका अधिकाऱ्याला ढिगाऱ्यात दीड वर्षाची मुलगी जिवंत सापडली. लोखंडी खाटेमुळं तिच्याभोवती थोडी जागा राहिली होती. त्याला लोक चमत्कार म्हणाले आणि म्हणू देत, पण मला त्यात ती खाट दिसते, तेवढी एक पोकळी.

तेव्हा देशात या कामासाठी वेगळं प्रशिक्षित दलच नव्हतं. एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, २००६ मध्ये उभी राहिली, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर. किल्लारी, ओडिशाचं चक्रीवादळ, भूज, त्सुनामी असं सगळं सोसून आपण तिथवर आलो. आज एक तुकडी पुण्याजवळ असते, श्वानपथक आणि ऐकायची यंत्रं घेऊन. तरी पुण्याहून निघालेली टीम किल्लारीला पोचायला काही तास लागणारच, आणि दगड-मातीचं घर काही तास थांबत नाही.

पुनर्वसनाचं काम मोठं झालं, जागतिक बँकेच्या मदतीनं. ५२ गावं नव्या जागी वसवली, ज्याची शेतजमीन जेवढी त्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली. भारतीय जैन संघटनेनं साधारण १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. नव्या गावांबद्दल तक्रारीही आहेत, रस्ते नको तेवढे रुंद, वाड्याचं अंगण गेलं, शेत लांब पडलं, भावकी विखुरली, आणि त्या खऱ्या आहेत. मला स्वतःला जास्त मोलाचं वाटतं ते कमी बोललं गेलेलं काम: जी घरं पडली नव्हती पण पडली असती, ती जागेवर मजबूत करायचं. छतावरची जास्तीची माती उतरवायची, भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही पदर जोडायचे, कोपरे बांधायचे, भिंतीभोवती आडवा पट्टा फिरवायचा. गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं, त्यांनी घरोघरी हे समजावलं. तरी पुष्कळ लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला तो उडालाच, पक्कं घर असून कित्येक जण पत्र्याच्या शेडमध्ये झोपत राहिले.

२००२ ला भूकंप नकाशा बदलला, झोन १ काढूनच टाकला, लातूरचा भाग झोन ३ मध्ये आला. आता देशात बिनधोक म्हणावा असा झोनच राहिला नाही. आणि मराठवाड्याची जमीन काही गप्प बसलेली नाही. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, २१ मार्च २०२४ ला आणि परत १० जुलै २०२४ ला तिकडं ४.५ चे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले.

तिकडं आणि इतरही बऱ्याच गावांत माळवदाची घरं अजून आहेत, त्यात माणसं राहतात. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर तीन गोष्टी बघा. भिंतीला पोट आलंय का, म्हणजे मधूनच फुगलीय का, तसं असेल तर आतले-बाहेरचे पदर सुटायला लागलेत, त्या खोलीत झोपायचं बंद करा. कोपऱ्यात वरून खाली उभी भेग आहे का. आणि छतावर चढून एका जागी माती खणून थर मोजा, अर्ध्या फुटाच्या वर असेल तर यंदा नवी माती टाकायच्या आधी जुनी उतरवा, गळू नये म्हणून खाली ताडपत्री घाला आणि वर पातळ थर द्या.