लाकडाचा बँडसॉ आणि लोखंडाचा बँडसॉ: जुनं मशीन कुठवर बदलायचं?

फॅब्रिकेशनचं एखादं दुकान बंद होताना लोखंड कापायचा चार-बाय-सहाचा (म्हणजे साधारण चार बाय सहा इंचांपर्यंतचा माल कापणारा) जुना आडवा बँडसॉ स्वस्तात हाती लागला, की पहिला विचार ठरलेला असतो: स्पीड तेवढा वाढवू, लाकूडही यावरच कापू. उलटा विचारही तितकाच चालतो. सुताराचा बँडसॉ घरात आहेच, त्यावर लोखंडाचं ब्लेड चढवलं की झालं. दोन चाकं, त्यांवरून फिरणारी दातेरी पट्टी आणि एक मोटर. वरवर पाहिलं तर दोन्ही मशीनं एकच. पण यातला दुसरा विचार थोड्या खटपटीने जमतो आणि पहिला बहुतेक वेळा ब्लेडं तोडतो.

आधी वेग पाहू. लोखंड कापणाऱ्या छोट्या मशीनचं ब्लेड पुलीच्या तीन पायऱ्यांवर मिनिटाला साधारण २५ ते ६० मीटर धावतं. लाकडाचं धावतं ९०० मीटर, कधी त्याहूनही जास्त. फरक पंधरा पटींचा. लाकडाच्या वेगाने एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाचा) अँगल कापायला गेलात तर दाते कापण्याऐवजी घासतात, तापतात आणि त्यांचं पाणी उतरतं. साध्या कार्बन स्टीलचा दाता दोन-अडीचशे अंशांतच मऊ पडायला लागतो. बायमेटल ब्लेडच्या दात्यांची कड हायस्पीड स्टीलची असते, ती सहाशेच्या आसपास तग धरते. पण ९०० मीटरला लोखंडापुढे तिचीही डाळ शिजत नाही. उलट बाजूला, ६० मीटरने लाकूड कापलं तर काही बिघडत नाही. फक्त काम संपत नाही.

मग मोटरची पुली बदलून वेग का चढवू नये? गणित मोहात पाडणारं आहे. या मशीनची चाकं साधारण १८० मिमीची. १४४० आरपीएमची मोटर गिअरबॉक्स वगळून सरळ चाकाला जोडली, तर ब्लेड ८०० मीटरच्या वर जातं. म्हणजे लाकडाचा वेग जवळजवळ फुकटच. पण हे ब्लेड १६३८ मिमी लांब, चार सूत रुंद आणि ०.६४ मिमी जाड असतं. ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असावी, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने इथे ०.१८ मिमी हवी. म्हणजे हे ब्लेड आधीच आपल्या मानाने फार लहान चाकावरून वाकत असतं. ६० मीटरला ते मिनिटाला ३६-३७ फेऱ्या मारतं, ९०० मीटरला साडेपाचशे. प्रत्येक फेरीत दोनदा वाकणं, दोनदा सरळ होणं.

त्यात पीळही आहे, आणि दोन मशीनांतला खरा फरक मला इथे दिसतो. आडव्या बँडसॉमध्ये लांब दांडा परतीच्या पट्टीवर आपटू नये म्हणून चाकं तिरकी बसवलेली असतात आणि कापायच्या जागी गाइडची बेअरिंगं ब्लेडला सुमारे ४५ अंश पिळून सरळ धरतात. ही बेअरिंगं ब्लेडला सतत दाबून असतात. २२ मिमीचं बेअरिंग धरा: ६० मीटरला ते ८७० आरपीएमने फिरतं, ९०० मीटरला तेरा हजारांनी, तेही चुरा आणि भुसा खात. लाकडाच्या मशीनवर ब्लेड मुळी पिळलेलंच नसतं. तिथे गाइड ब्लेडच्या जेमतेम जवळ असतात आणि जोर पडला तरच लागतात.

चाकंही वेगळी. लाकडाच्या मशीनच्या चाकावर रबराचा टायर, मधे किंचित फुगीर. ब्लेड त्या फुगवट्यावर स्थिर राहतं आणि दात्यांचा सेट (आलटून-पालटून दोन्ही बाजूंना दिलेला कल) रबरामुळे शाबूत राहतो. लोखंडाच्या मशीनचं चाक उघडं बिडाचं, मागे कडा असलेलं. दाते चाकाच्या बाहेर लटकलेले. अशा चाकावर चिकट लाकडाचा भुसा थापला गेला की ब्लेड कडेवर चढतं किंवा उतरून पडतं.

एकाच मशीनवर दोन्ही कामं हवीच असतील तर सुरुवात लाकडाच्या मशीनपासून करावी. चौदा इंची चाकाला ६० मीटरसाठी ५४ आरपीएम लागतात, म्हणजे १४४० वरून २७ पट उतार. एकामागे एक लावलेल्या दोन पुली-जोड्या सोळा पटींपाशी थकतात. १:३० चा, म्हणजे फेरे तीस पटींनी कमी करणारा, जुना वर्म गिअरबॉक्स मधे बसवला की ५३-५४ मीटर मिळतात. टायरमध्ये रुतलेला लोखंडाचा चुरा अधूनमधून काढावा लागतो, एवढाच त्रास.

मग जुन्या लोखंडी मशीनचं काय करायचं? त्याची उपयुक्तता धातूंच्या आतच वाढवायची, आणि तिथे बराच वाव आहे. मशीन उभं करून वापरायला कंपनी जो पत्र्याचा टेबल देते, तो हाताच्या दाबाने वाकतो. त्याजागी ८ मिमी एमएस प्लेटचा ३०० बाय ३०० चा टेबल बसवा, ब्लेड आत घ्यायला एका बाजूने खाच ठेवा आणि गुण्या लावून ब्लेडशी काटकोन तपासूनच बोल्ट आवळा. एवढ्यावर गसेट प्लेट (सांध्याला बळकटी देणारी पट्टी), ब्रॅकेट, प्लेटमधले वळणदार तुकडे हाताने कापता येतात. ब्लेड आणि सांगाडा यांच्यातली जागा कमी, त्यामुळे मोठी शीट जाणार नाही, हे मात्र गृहीत धरा. उभं असताना मशीन आपोआप बंद होत नाही. स्विच गुडघ्याच्या किंवा पायाच्या टप्प्यात आणा, वरचा गाइड जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) अगदी जवळ खाली घ्या, आणि हातमोजे काढा.

आडव्या वापरात सर्वांत जास्त फरक डॅम्पर सिलिंडरने, म्हणजे ब्लेडचा उतार सावकाश ठेवणाऱ्या नळकांड्याने पडतो. मूळची स्प्रिंग फक्त खाली येणाऱ्या ब्लेडच्या सांगाड्याचं वजन हलकं करते, उतरण्याचा वेग धरत नाही. स्क्वेअर ट्यूबची वरची भिंत संपून ब्लेड उभ्या पातळ भिंतींवर आलं की ते धावत खाली जातं आणि दाते झडतात. जॉबमध्ये कायम किमान तीन दाते असावेत, हा नियम इथेच कळतो: इंचाला १४ दात्यांच्या ब्लेडमध्ये दोन दात्यांतलं अंतर १.८ मिमी, म्हणजे १.६ मिमीच्या ट्यूबमध्ये एकही दाता पुरता बसत नाही. २४ दात्यांचं ब्लेड आणि सावकाश उतार, दोन्ही लागतात. आखूड तुकडा पकडताना वाइसचा जबडा तिरका होतो. जबड्याच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच मापाचा तुकडा अडकवला की काम भागतं.

व्हीएफडी (विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवायची हौस अनेकांना असते. ती वाईट नाही, पण जुनी सिंगल-फेज मोटर त्यावर चालणार नाही. आपल्याकडच्या लहान थ्री-फेज मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (वाइंडिंगची एक जोडणी) जोडलेल्या असतात आणि घरच्या लाइनवरची व्हीएफडी २३० व्होल्ट देते. म्हणून वाइंडिंगवाल्याकडून सहा टोकं बाहेर काढून कमी व्होल्टला चालणारी डेल्टा जोडणी करून घ्यावी लागते. मग २५ ते ७५ हर्ट्झमध्ये ब्लेड १२ पासून ९० मीटरपर्यंत फिरतं: खाली स्टेनलेस, वर ॲल्युमिनियम. लाकडाचा वेग तिथूनही दहा पट लांबच राहतो.

तरी कधीमधी एखादी इंची फळी कापायची वेळ येतेच. इंचाला सहा दात्यांचं ब्लेड चढवा, कूलंट पुसून घ्या, नाहीतर लाकडावर डाग पडतील. आणि पुन्हा लोखंडाकडे वळण्याआधी झाकणं उघडून भुसा पूर्ण काढा; तेल प्यायलेल्या भुशावर ग्राइंडरची एक ठिणगी पडली तरी पुरते.