टाकाऊचा घरगुती पुनर्वापर (ग्रामीण विदर्भ)

घरात, अंगणात नि गोठ्यात जे निघतं, म्हणजे उष्टं-खरकटं, काडीकचरा, चुलीतली राख, फाटकं लुगडं, रिकामा पिपा, खताची चुंगडी (पोतं), ते घरच्याघरीच परत कामात आणायची रीत. विदर्भातल्या खेड्यांत ती जुनीच आहे, त्यामुळे ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून शाळेत शिकवलं जातं त्याच्या कितीतरी आधीपासून बायामाणसं हे करत आली. गाडगेबाबांचं (1876–1956, जन्म शेंडगाव, जि. अमरावती) उदाहरण इथं द्यायलाच पाहिजे, अंगावर चिंध्या जोडून केलेला कपडा, डोक्यावर फुटकं गाडगं, त्यातच जेवण नि त्यातच पाणी, आणि हातात खराटा. लोकांनी टाकून दिलेलं त्यांनी अंगावर मानानं वागवलं.

या सगळ्यात जास्त वजनाचा भाग म्हणजे उकंडा (उकिरडा). घरामागच्या खड्ड्यात शेण, झाडलोट, राख पडत राहते आणि उन्हाळ्यात बंडी (बैलगाडी) भरून ते शेतात जातं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. अडचण अशी की बरंचसं शेण गोवऱ्या थापण्यात जातं, उकंड्याच्या वाट्याला थोडंच येतं, आणि उघड्या खड्ड्यात उन्हानं नत्र उडतं, पावसानं उरलंसुरलं धुऊन जातं. ह्याच अडचणीवर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण पांढरीपांडे, म्हणजे लोकांचे ‘नाडेपकाका’, यांनी जी पद्धत बसवली ती त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांनी नाडेप म्हणून देशभर गेली, साधारणपणे 1980च्या दशकापासून तिचा प्रसार झालेला दिसतो.

नाडेपचं मूळ कुठलं ह्यावर दोन मतं आहेत. एक मत असं की ही इंदूर पद्धतीचीच शाखा. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 नंतर इंदूरच्या संस्थेत शेतकचऱ्याचं कंपोस्ट करायची पद्धत तयार केली, 1931 मध्ये यशवंत वाड यांच्यासोबत ती पुस्तकातून मांडली, आणि 1935 च्या सुमारास, वर्ध्याला आल्यावर, गांधीजींनी ‘हरिजन’मधून ती गावांपुढे ठेवली, म्हणजे वर्ध्याच्या वातावरणातून हा विचार पुसदला पोचणं साहजिकच आहे. दुसरं मत नाडेपला स्वतंत्र पद्धत मानतं, आणि काम कसं चालतं ते पाहिलं तर हेच मत जास्त पटतं. इंदूर पद्धतीत ढीग ठराविक दिवसांनी वरखाली करावा लागतो तेव्हा हवा मिळते, बंगलोर पद्धतीत ढीग हलवत नाहीत पण आत हवाही फारशी राहत नाही. नाडेपमध्ये ढीग हलवायचा नाही आणि हवा मात्र भिंतीतून येते, हे दोन्ही एकत्र आधीच्या पद्धतींत सापडत नाही. गांधीविचाराचं ऋण वेगळं नि तंत्राचं ऋण वेगळं, ही गल्लत टाळायला हवी.

नाडेपचं टाकं आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंत 9 इंची विटांची. विटांचे दोन थर झाले की तिसऱ्या थरात साधारण 7 इंचांची भोकं सोडायची. भरताना आधी आतून शेणकाला शिंपायचा, मग 6 इंच काडीकचरा (100 ते 110 किलो), त्यावर 4 किलो शेण 125 ते 150 लिटर पाण्यात कालवून, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली कोरडी माती, असे 11-12 थर देऊन ढीग काठाच्या दीड फूट वर न्यायचा आणि 3 इंच मातीनं झाकून शेणानं लिंपायचा. पंधरा-वीस दिवसांत तो 8-9 इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरायचा. भेगा पडू द्यायच्या नाहीत, ओल 15 ते 20 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, 90 ते 120 दिवसांत जवळपास 3 टन खत मिळतं, आणि एवढ्याला शेण लागतं फक्त 90-100 किलो! एकाच गाईम्हशीवर भागवणाऱ्या घराला ह्याचं मोल कळतं. विटा परवडत नसतील तर तुराट्यांच्या नाहीतर बांबूच्या तट्ट्यांचं टाकंही चालतं, कारण हवा त्यातूनही येते. काच, प्लास्टिक, दगड मात्र आधी वेचून काढलेच पाहिजेत.

पऱ्हाटी (कपाशीचं वाळलेलं झाड) कठीण लाकडाची असते, बारीक न करता टाक्यात टाकली तर वर्षभरही तशीच निघते, म्हणून ती चुलीत, कुंपणात नि कुडाच्या भिंतीतच जास्त जाते. पण घराजवळ रचलेल्या गंजीतल्या नख्यांमध्ये (झाडावर राहिलेल्या वाळक्या बोंडांमध्ये) शेंदरी बोंडअळी दडून राहते नि पुढच्या हंगामात परत कपाशीवर येते, त्यामुळे विदर्भात 2017 च्या प्रादुर्भावानंतर पऱ्हाटी साठवू नका हा सल्ला जोरात दिला जातो. तो रास्तच आहे, पण ज्या घरी सरपण दुसरं नाही तिथं तो पाळणं सोपं नाही.

राख भांडी घासायला चालते कारण ती अल्कधर्मी असते, तेलकटपणा सोडवते. तूर-मुगाच्या बियाण्यात राख मिसळली की किड्यांच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर खरवडला जातो, अंगातली ओल उडते नि ते मरतात.

कागदाच्या लगद्याची टोपली हा बायकांच्या हातचा खास प्रकार. रद्दी चार-पाच दिवस भिजवायची, कुटायची, त्यात भिजवलेल्या मेथीचं वाटण नि थोडी चिकणमाती घालून मळायचं, उपड्या गंजावर (पातेल्यावर) सारखं थापायचं आणि सावलीत, मग उन्हात वाळवून सोडवायचं. मेथीतला चिकट गोंद कागदाचे धागे धरून ठेवतो, शिवाय तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही असं म्हणतात. बांबूचं जुनं सूप किंवा दुरडी विरळ झाली तर तिलाही हाच लगदा लिंपतात. शाईचा कागद असल्यानं त्यात पोळ्या किंवा पीठ थेट ठेवू नये, कांदे-लसूण, सुपारी, पूजेचं सामान ह्यालाच ती बरी.

गोधडी सगळीकडेच आहे. सुती लुगडी नि धोतरं होती तोवर तिची ऊब वेगळी होती, आता सिंथेटिक साड्यांची गोधडी घामही शोषत नाही नि अंगावरून घसरते. तेलाच्या पिप्यात धान्य, अर्ध्या कापलेल्या पिप्यात सांभार (कोथिंबीर), खताच्या चुंगड्या शिवून केलेली ताडपत्री, हे सगळं रोजचंच.

एका वस्तूबद्दल मात्र कडकपणे सांगायला पाहिजे, ती म्हणजे फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. किती घरांत तो धुऊन पाणी, तेल नाहीतर रॉकेल ठेवायला वापरतात! प्लास्टिकमध्ये मुरलेलं विष धुण्यानं पुरतं जात नाही. कीटकनाशक नियम 1971 प्रमाणे असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात म्हणजे कुणी परत वापरू नयेत, आणि 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन जे शेतकरी-शेतमजूर गेले ते पाहिलेल्यांनी तरी हा डबा घरात ठेवू नये. खताच्या चुंगडीलाही धान्य भरण्याआधी हाच विचार लावावा. वस्तूत आधी काय होतं हे माहीत नसेल तर तिचा पुनर्वापर करूच नये.

नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यात संत्र्याची सालं वाळवून उटण्यात टाकतात, संध्याकाळी डासांसाठी त्यांचा धूर करतात. सांडपाणी परसातल्या केळी-अळूला जातं, आणि जागा नसेल तिथं शोषखड्डा खोदतात.