कुरवाचं डोकं सोडा, पंख बघा

पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, नवखा माणूस कुरव (सीगल) बघायला येतो, नावावर विश्वास ठेवतो आणि तिथंच फसतो. एक तपकिरी डोक्याचा कुरव, दुसरा काळ्या डोक्याचा. गंमत अशी, की काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंही खरं तर गडद चॉकलेटीच. त्यात हे पाहुणे पैठणकडे येतात हिवाळ्यात, आणि तेव्हा दोघांचीही टोपी उतरलेली असते. पांढरं डोकं, डोळ्यामागे काळसर ठिपका, लाल चोच. ओळखा आता!

म्हणून पंख बघायचे. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोक काळं कुळकुळीत, आणि त्या काळ्यात आरशासारखे दोन ठसठशीत पांढरे डाग. काळ्या डोक्याच्या कुरवात पंखाची पुढची कडच टोकाकडे पांढरीशुभ्र, काळं फक्त मागच्या कडेला, रेघेसारखं. पैठणला येऊन काठ बघायचा हे काय सांगायला हवं! पक्षी डोक्यावरून गेला तरी चालतं: तपकिरीचा पंख खालूनही टोकाकडे काळाच, दुसऱ्याच्या पुढच्या पिसांचा पांढरा पट्टा मात्र खालूनही उठून दिसतो.

पुस्तकं डोळाही बघायला सांगतात. तपकिरीचा फिकट, काळ्याचा गडद. बरोबर आहे, पण जायकवाडीचा जलाशय उथळ. पाणी हटलं की काठ लांब पळतो, मधे चिखल आणि गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी. तेवढ्या अंतरावरून, दुपारच्या थरथरत्या हवेत, डोळ्याचा रंग कुणाला दिसतो?

शिवाय तपकिरीचं पिल्लू पहिल्या हिवाळ्यात डोळा गडदच घेऊन येतं, आणि त्याच्या काळ्या टोकात ते पांढरे डागही नसतात. मी एकदा असाच एक पक्षी ‘काळ्या डोक्याचा’ म्हणून वहीत लिहिला, चार जणांना फोनही केले. संध्याकाळी उडतानाचा एक अंधुक फोटो मोठा करून पाहिला, तर पुढच्या कडेला पांढरं नावालाही नाही. परत चार फोन. तेव्हापासून बसलेल्या कुरवाच्या दहा सुबक फोटोंपेक्षा उडत्याचा एक हललेला फोटो मला जास्त मोलाचा वाटतो.

दुर्मीळ पाहुणा शोधणाऱ्यांची फसगत वेगळीच. बारीक चोचीच्या कुरवाचाही डोळा फिकट, आणि पंख अगदी काळ्या डोक्याच्या कुरवासारखे. त्याला टोपी कधीच येत नाही, पण हिवाळ्यात ही खूण काय कामाची? तिथं लांब चोच, उतरतं कपाळ आणि लांब मान, तिन्ही एकत्र जुळायला हवं. तो किनाऱ्याचा पक्षी, गुजरात-मुंबईकडचा. इथं दिसलाच तर आधी आपल्यावरच संशय घ्यावा.

बसलेले कुरव उडावेत म्हणून मी काही करत नाही. कुणी तरी जाळं ओढायला होडी घालतंच. परवा त्यातल्या एकाला दोघांमधला फरक दाखवला, तर म्हणाला, “दोन्ही सारखेच, साहेब. मासा पळवितेत.”